उरलेली चांदी

टक्... टक्... टक्. वैशाखातल्या दुपारी लोणारच्या त्या घरात बाकी सारे आवाज निजलेले असत. विहिरीवरचा रहाट थांबलेला, गल्लीतली कुत्री सावलीला गेलेली, खालच्या सरोवराचा खारट, उग्र वास तेवढा उंबऱ्यापाशी येऊन बसलेला. आणि त्या निःशब्दतेत हा एकच नाद, धिमा, नियमित, फरशीवर आपटणाऱ्या चांदीचा. माझी गया आत्या भिंतीकडे तोंड करून बसलेली असे, पदर कपाळाच्या पुढे ओढलेला, गुडघे छातीशी घेतलेले, आणि उजव्या पायाच्या बोटातलं जोडवं ती फरशीवर वाजवत असे. त्याचा अर्थ घरात साऱ्यांना ठाऊक होता. आत्या रुसली होती.

रुसणं आमच्या वऱ्हाडात नवं नाही. लग्न म्हटलं की कुणीतरी रुसणार, कुणीतरी समजूत काढणार आणि बाकीचे सुपारी कातरत त्या दोघांची गंमत पाहणार, हा मांडवाचाच एक विधी. जावई रुसतो, व्याही रुसतो, आणि विहीण रुसली नाही तर लोक काळजीनं विचारतात की बाईंची तब्येत बरी नाही का. पण आत्याच्या रुसण्याला एक शास्त्रोक्तपणा होता. ती भांडत नसे, शिव्याशाप देत नसे, रडत तर कधीच नसे. ती फक्त दगडाची जागा शोधी. मातीच्या जमिनीवर तिला रुसता येत नसे, कारण आवाज होत नाही. फरशी, पायरी, जोत्याचा चिरा, काहीतरी टणक हवं. मग पाठ फिरे, पदर पुढे येई आणि जोडवं बोलू लागे. तिचे यजमान, आमचे आतोबा, सायकलीच्या दुकानातून जेवायला येत आणि उंबऱ्यातच कान देऊन उभे राहत. आवाज आला की आल्या पावली परत जात आणि चहाच्या हॉटेलात भज्यांवर भागवत. त्यांच्या सोशिकपणाबद्दल गावात आदर होता.

हीच बाई रुसलेली नसली म्हणजे काय होती, ते कसं सांगू? मी शाळेसाठी तिच्याकडे राहत होते. माझं गाव जानेफळ. तिथं मुलींची वरची इयत्ता नव्हती, आणि आत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून बाबांनी मला तिच्या पदरात घातलं. हिवाळ्यातल्या पहाटे ती मला धारेवर पाणी भरायला न्यायची. खाली विवरात हिरवं, कडू, न पिण्याजोगं पाणी आणि वर कड्याशी अखंड कोसळणारी ही गोड धार. दोन्ही एकाच मातीतून. धुक्यात तिची उंच, सडसडीत आकृती घागर डोक्यावर घेऊन पुढे चाले, आणि कोवळं ऊन तिच्या ओल्या खांद्यावर आधी पडे, मग बाकीच्या गावावर. तिच्या हातची भाकरी असा पापुद्रा धरायची की त्यात फुंकर अडकली आहे असं वाटे. मला ताप आला की कपाळावर तिचा खरखरीत तळहात असे, आणि त्या हाताला झोप ठाऊक नव्हती. माया तिच्याकडे सूपभर होती. फक्त त्या सुपात मानाचा एक खडा होता, आणि दाताखाली नेमका तोच येई.

तो खडा बाबांच्या दाताखाली आला माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात. बौद्ध धम्माच्या दीक्षेला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. देव्हाऱ्यातले टाक विहिरीत सोडून झाले होते, राज्यही नवं झालं होतं, आणि आमच्या वस्तीनं बैठक घेऊन ठरवलं होतं की लग्नं साधी करायची, वाजंत्री नाही, मानपान नाही. पण ठरवणं बैठकीत झालं आणि रुसणं ज्याच्या त्याच्या घरी राहिलं. मानपान बंद म्हणून जाहीर करायचं आणि लुगडी मात्र गुपचूप आणून ठेवायची, अशी तोड लोकांनी काढली. त्या लग्नात आत्याला मिळालेल्या लुगड्याचा काठ माझ्या मावशीच्या लुगड्यापेक्षा बोटभर अरुंद निघाला. आत्या पायरीवर जाऊन बसली. जोडवं वाजू लागलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच बाबा समजूत काढायला गेले नाहीत.

"रुसते त रुसू दे," ते साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "मी नाई जात आता."

आत्या उठली, पिशवी घेतली आणि एस.टी.त बसून लोणारला निघून गेली. त्यानंतर तिनं भावाच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. बाबाही तसेच. सुटीत मला न्यायला ते लोणारला येत, पण घरी येत नसत. स्टँडवरच्या लिंबाखाली उभे राहत आणि कुणाकडून तरी निरोप धाडत. आत्या त्यांच्यासाठी तिळाची चटणी आणि दशम्या बांधून माझ्या हाती देई, आणि वर बजावी, "मी देल्या म्हणून सांगू नको." बाबा आत्याला बाई म्हणत. ती शिदोरी हुंगून ते विचारत, "बाईनं केली ना?" आणि मी काही बोलायच्या आत खाऊ लागत. असे हे दोघं बहीणभाऊ, हाकेच्या अंतरावर, आणि हाक कुणी मारायची हेच ठरत नव्हतं.

मग एका वर्षी आषाढात लोणारच्या आमच्या विहारात वर्षावासासाठी एक भंते आले. पावसाळ्याचे महिने भिक्खूनं एका जागी राहायचं, अशी ती रीत. विहार म्हणजे चार मातीच्या भिंती, वर पत्रा, आणि समोर भगवान बुद्धांची हातभर मूर्ती. भंते कुठल्या मुलखाचे होते कुणास ठाऊक. मराठी सावकाश बोलत, प्रत्येक शब्द आधी हातात धरून पाहिल्यासारखा. संध्याकाळच्या वंदनेनंतर ते लोकांना बसायला सांगत. काही म्हणायचं नाही, काही मागायचं नाही. श्वास आत आला, कळलं. बाहेर गेला, कळलं. पत्र्यावर पाऊस वाजत असे, कंदिलाची वात थरथरत असे आणि शेताच्या चिखलानं माखलेली माणसं डोळे मिटून आपापल्या नाकाशी पहारा करत असत.

आम्ही लोक काही मागितल्याशिवाय कुठं बसलोच नव्हतो कधी. त्यामुळे मिळतंय काय, याचा शोध लगेच सुरू झाला. शेजारच्या सुभद्राकाकूच्या अंगात दीक्षेआधी देवी यायची. देवी गेली, पण अंगाची सवय कुठं जाते? तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी काकू डोळे मिटल्या मिटल्या घुमू लागली. लगोलग एक म्हातारी जुन्या सवयीनं उठली, लिंबू शोधायला धावली आणि हात जोडून विचारू लागली, "कोन आलं वो माय? कोन आलं?" भंत्यांनी डोळे उघडले.

"सुभद्राबाईच आल्या आहेत," ते शांतपणे म्हणाले. "त्यांना प्यायला पाणी द्या."

घुमणं थांबलं, पण काकू हार मानणारी नव्हती. पुढल्या आठवड्यात तिला कपाळात निळा उजेड दिसू लागला. मग कुणाला सुगंध आला, कुणाचं अंग हलकं झालं, कुणी जमिनीपासून वीतभर उचललं गेल्याचं सांगितलं. त्याच्या मागे बसलेल्यानं मात्र तसं काही पाहिलं नव्हतं. धारेवर घागरी भरताना बायका आपापले उजेड एकमेकींना दाखवत, नव्या पाटल्या दाखवाव्यात तशा. आत्या आपली घागर भरून निघे. तिला काहीच दिसत नव्हतं.

तिला खाज येई. तिला डुलकी येई. गुडघा दुखे. आणि तरी ती रोज जाऊन बसे, कारण हट्ट हा तिचा स्वभाव होता आणि हट्टाला बसायला एक नवी जागा मिळाली होती. अखेर एका संध्याकाळी, सारे निघून गेल्यावर, ती भंत्यांसमोर बसली. मी कंदील धरून दाराशी उभी होते.

"भंते, मले काईच होत नाई," ती म्हणाली. "सुभद्राले उजेड दिसते. मले नुसती खाज येते."

"खाज आली की काय करता?"

"तुम्ही सांगतलं तसं. पाह्यते."

"मग?"

"मंग काय? जाते ते."

भंते हसले. हसताना त्यांच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आधी हसत. "उजेडही जातो, बाई. ज्याला उजेड दिसला त्याला तो जपावासा वाटतो. तुमचं बरं आहे. खाज कुणी जपून ठेवत नाही."

"पण पुढं सरकली का नाई मी, हे कसं कळन?"

"इथं बसून नाही कळणार," ते म्हणाले. "तुम्हाला राग कुठं येतो?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. सारं लोणार ज्याचं उत्तर देऊ शकलं असतं असा तो प्रश्न होता.

"तिथं जाऊन पाहा," भंते म्हणाले. "राग येतो की नाही, ते पाहू नका. तो येईलच. किती वेळ राहतो, ते पाहा."

आश्विनी पौर्णिमेला भंते गेले. पावसाचं पाणी कड्यावरून उतरून गेलं, सीताफळं पिकली, गल्लीत कापसाच्या गाड्यांची रहदारी सुरू झाली. बायकांचे उजेड हळूहळू विझले, कारण ते कुणाला सांगायचे तो माणूसच उरला नव्हता. आत्या मात्र पहाटे, चूल पेटवण्याआधी, घरातच बसू लागली. खिडकीच्या गजांतून येणारा पहिला, राखेच्या रंगाचा प्रकाश तिच्या चेहऱ्यावर पडे आणि त्यात ती मला नेहमीपेक्षा लहान दिसे, कुणाचीतरी मुलगी असावी तशी. काही घडत नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग एका दुपारी दूध उतू गेलं. लक्ष मीच ठेवायचं होतं. आत्याची पाठ फिरली, पदर पुढे आला, टक्, टक्, टक्... आणि थांबलं. मी स्वयंपाकघरात श्वास रोखून उभी. दारात आतोबा आलेले, एक पाय आत, एक पाय बाहेर. आवाज आला म्हणून परत फिरावं, तर तो बंद झालेला. आत यावं, तर पुन्हा सुरू झाला तर काय? गरीब बिचारे तसेच उभे राहिले. आतून आत्याचा आवाज आला, "काऊन उभे राह्यले? जेवाले या ना." त्या दिवशी ते इतकं घाबरत जेवले की त्यांना मीठ नसल्याचंही कळलं नाही.

आत्याला मात्र याचा आनंद नव्हता. उलट ती हिरमुसली होती. "पोरी, मी त बिघडली," एकदा निवडायला घेतलेल्या तुरीत बोटं तशीच ठेवून ती म्हणाली. "आंधी मी कधी रुसली त रुसली. आता दिवसभर राग दिसते मले. शेजारीन हासली, आला. तुये आतोबा खोकलले, आला. एवढा राग माह्या अंगात होता काय वो? बसून-बसून वाढला वाटते." मी पुढ्यातली तूर निवडत राहिले. याचं उत्तर मला आज सुचतं. उकिरडा उपसायला घेतला की वास येणारच. तो वास काही उपसण्यानं तयार होत नाही. पण हे कळायला मला पुढे स्वतः बसावं लागलं, आणि तेव्हा हे सांगायला आत्या नव्हती.

माझं लग्न ठरलं ते त्याच वर्षी. मुलगा बुलढाण्याजवळच्या देऊळघाटचा, शाळामास्तर. बाबा लोणारला आले, लिंबाखाली उभे राहिले, आणि या वेळी त्यांनी माझ्याचकडे निरोप दिला.

"बाईले सांग. तुले तिनं वाढोलं, तवा तिच्याबिगर लग्न होनार नाई. पन येऊन मांडवात रुसली, त भाऊ मेला समजजो म्हणा. मंग माह्या मयतीलेही येऊ नको म्हणा. एवढं सांग."

मी शब्द जसेच्या तसे सांगितले. आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. तिच्या पायाचं बोट उचललं गेलं, पण खाली आलं नाही.

"भंते म्हने, राग येते तिथं जाऊन पाह्य," ती म्हणाली. "जाऊन पाह्यते. पन पोरी, मले लय भेव वाटते. रुसली त भाऊ जाईन. आन् जे रोज बसून राह्यली थेही सारं खोटं होईन." तिच्या तोंडून भीतीचा शब्द मी त्याआधी ऐकला नव्हता.

जानेफळात वैशाखाचं ऊन मांडवाच्या जांभळीच्या डहाळ्यांतून गळत होतं. एस.टी. आली तेव्हा बाबा स्टँडवर उभे होते. या खेपेला मला न्यायला नाही, तिला घरी आणायला. बाबांनी तिची पिशवी घेतली आणि ती त्यांच्या मागून, पदर नीट करत, आमच्या उंबऱ्यात शिरली. माझी माय दाराआड रडत होती.

या खेपेला चूक होऊ नये म्हणून बाबा स्वतः मेहकरला जाऊन लुगडं घेऊन आले होते. जांभळं, चार बोटं काठाचं, मांडवातल्या साऱ्या लुगड्यांत भारी. ते विसरलं जाऊ नये म्हणून त्यांनी ते खाटेवरच्या चळतीत सर्वांत वर ठेवलं. माणूस जिथं फार जपतो तिथंच ठेच लागते. त्रिशरण-पंचशील झालं, आम्ही दोघांनी एकमेकांच्या गळ्यात हार घातले, फुलं पडली. मग बैठकीतला ठराव बाजूला ठेवून किसनकाका, बाबांचे चुलतभाऊ, मांडवाच्या मधोमध उभे राहून मानाची नावं पुकारू लागले. गावातला सर्वांत मोठा आवाज त्यांचा, म्हणून हे काम त्यांचं. इतक्यात देऊळघाटकडच्या मंडळींनी एक म्हातारी पुढे केली. ती येणार हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलाकडचं माणूस, थांबवता कसं येईल? काका गडबडले, हाताला आलेलं वरचं लुगडं उचललं आणि म्हातारीच्या ओटीत घातलं. एकेक करून चळत संपली. खाट रिकामी झाली म्हणजे नावंही संपली असं समजून काकांनी खुशीत हाळी दिली, "मान झाले हो! पंगत बसवा!"

आत्याचं नाव आलंच नव्हतं.

आधी ते मायच्या लक्षात आलं, मग बाबांच्या, मग वाऱ्यासारखं साऱ्या मांडवाच्या. जांभळं लुगडं त्या अनोळखी म्हातारीच्या मांडीवर झळकत होतं. आत्या आमच्या ओट्याच्या पायरीवर बसली होती, आणि ती पायरी दगडाची होती. बाबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. मी नवरी, मान वर करू नये म्हणतात, पण मी सरळ तिच्याकडे पाहत होते. तिनं हळूच पाठ फिरवली. पदर पुढे आला. आणि शेकडो माणसांच्या त्या मांडवात, पानही हलत नसताना, तो आवाज आला.

टक्.

कुणीतरी "झालं!" असं पुटपुटलं. टक्. टक्. बाबांनी डोळे मिटून घेतले. मी मात्र ऐकत होते, इतकं की माझ्याच कानशिलांतलं रक्त मला ऐकू येत होतं. टक्... आणि मग एक लांब जागा. त्या जागेत काय झालं हे मला पाठमोऱ्या तिच्याकडे पाहूनही दिसलं. तिचे खांदे वर आले, खाली गेले. पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले. पहाटेच्या खिडकीतल्यासारखेच. पुढचा टक् आलाच नाही. पदर मागे गेला, आत्या उठली, पायरी उतरली आणि सरळ बाबांसमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "पंगत कवा बसोतं? लोकं उपाशी हायेत."

लोकांना हे पटेना. रुसलेलं माणूस 'मी रुसलो नाही' असंच म्हणतं, हा आमच्याकडचा सर्वमान्य नियम. त्यामुळे आत्या इतकी साधी बोलली म्हणजे ती किती खोल रुसली असेल, या विचारानं मांडव हादरला. एकामागून एक बायका येऊ लागल्या. "आत्याबाई, मनावर घेऊ नका." "नाई वो, मी रुसली नाई." "असं नका बोलू, आमच्याकडं पाहून तरी..." "अवं पन मी रुसलीच नाई!" जितकी ती नाही म्हणे तितकी गर्दी वाढे. किसनकाका स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होते. म्हातारी लुगडं परत करायला निघाली, तिला तिच्या माणसांनी धरून ठेवलं. शेवटी आत्यानं पदरात तोंड लपवलं आणि तिचे खांदे गदगदू लागले. "रडली वो, रडली!" बायकांनी एकच गिल्ला केला. पदर खाली आला तेव्हा सगळ्यांना दिसलं. ती हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, पोट धरून, शाळेतल्या पोरीसारखी हसत होती.

गर्दीतून वाट काढत बाबा आले. त्यांना हसणं कळलं नाही, की दिसलंच नाही. त्यांनी डोक्याचा फेटा काढला आणि तिच्या पायाशी ठेवला. हसणं थांबलं. आत्यानं वाकून फेटा उचलला, झटकला, आणि आपल्या धाकट्या भावाच्या डोक्याला, साऱ्या गावासमोर, स्वतःच्या हातानं बांधू लागली.

"लेकीचा बाप हायेस. बोडखा काऊन हिंडतं?"

"बाई," बाबा लहान आवाजात म्हणाले, "खरंच रुसली नाई?"

"राग आलता ना," ती म्हणाली. "खोटं काऊन सांगू? आलता. पायापर्यंत आलता. मी म्हटलं, आला का, ये. पाह्यत राह्यली त्याच्याकडं. त्यालेच करमलं नाई. गेला."

बाबांना यातलं किती समजलं कुणास ठाऊक. पण त्या दुपारी ते दोघं एकाच ताटात जेवले, बुंदीवरून एकमेकांना आग्रह करत, आणि मांडवातली माणसं पंगतीतून माना वळवून पाहत होती. संध्याकाळी मी देऊळघाटला निघाले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, धूळ सोन्याची झाली होती. सगळ्या बायका रडत होत्या. आत्या मला कवेत घेऊन कानाशी लागली, आणि माझ्या संसाराला काही उपदेश येतो की काय म्हणून मी कान टवकारले.

"पोरी," ती कुजबुजली, "मी पास झाली!"

असा आनंद मी त्याआधी कुणाच्या आवाजात ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. कुठला निळा उजेड नाही, कुठला सुगंध नाही, प्रमाणपत्र द्यायला भंतेही नाहीत. तिचं तिलाच कळलं होतं. इतक्या वर्षांचा वैरी तिच्या पायाच्या बोटापर्यंत येऊन, बसायला जागा न मिळता, परत गेला होता आणि ती त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत हसली होती.

त्यानंतर ती कधीच रुसली नाही, असं मी लिहिलं तर आतोबांवर अन्याय होईल. रुसे, अधूनमधून. पण चहा निवायच्या आत विसरे. भावाच्या घरी येणंजाणं पूर्ववत झालं आणि बाबा लोणारला गेले की लिंबाखाली न थांबता थेट घरी जाऊन फरशीवर आडवे होत. ती पहाटे बसत राहिली, खिडकीतल्या राखी प्रकाशात, केसांत तोच रंग उतरेपर्यंत.

आतोबा गेले तेव्हा तिनं जोडवी उतरवली आणि मला दिली. डावं अजून वाटोळं आहे, त्याच्यावरची नक्षीसुद्धा शाबूत. उजवं खालच्या बाजूनं झिजून इतकं पातळ झालं आहे की उजेडाशी धरलं तर तिथं चांदी आहे की नुसती तिची कड, हे कळत नाही. आणखी थोडे दिवस आपटलं असतं तर तुटलंच असतं. ते तुटलं नाही. ती झीज एका वैशाखातल्या दुपारी, एका दगडी पायरीवर, जवळजवळ थांबली. आता आत्याला जाऊनही कितीतरी पावसाळे उलटले. काळानं तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून थोडाथोडा नेला, आवाजही नेला, आणि कधी पहाटे मी बसते तेव्हा मुठीत हे जोडवं असतं. जी चांदी झिजून गेली ती रागाची होती. जी उरली आहे, ती सगळी आत्या आहे.